शीलाची कसोटी आणि सामर्थ्याचे आमिष
भूमिकाप्रधान संगणकीय खेळांतील नैतिक निवडीची चिकित्सा

संगणकावरील खेळांची समीक्षा धम्मविषयक नियतकालिकात का यावी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. कथा, नाटक आणि चित्रपट यांची चिकित्सा आपण आवश्यक मानतो, कारण त्यांतून समाजाची मूल्ये घडतात किंवा बिघडतात. परंतु कादंबरीचा वाचक दुसऱ्याने घेतलेला निर्णय केवळ पाहत असतो. ज्या खेळांचा येथे विचार करावयाचा आहे, त्यांत निर्णय खेळणाऱ्यालाच घ्यावा लागतो. ‘या बालकाला मारावे की वाचवावे’, ‘हे सामर्थ्य स्वीकारावे की नाकारावे’ असे प्रश्न पडद्यावर उमटतात आणि उत्तर मिळेपर्यंत कथा पुढे सरकत नाही. नीतीचा अनुभव प्रत्यक्ष देण्याचा असा दावा जो कलाप्रकार करतो, त्याची परीक्षा नीतीच्याच कसोटीवर होणे रास्त होय. आपल्या घरांतील आणि वसतिगृहांतील तरुण पिढी या खेळांशी परिचित आहे. तेव्हा त्यांची केवळ निंदा करून किंवा त्यांकडे दुर्लक्ष करून भागणार नाही.

या खेळांचे मूळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे निर्माते. कागद, पेन्सिल आणि फासे एवढ्या साधनांवर चालणाऱ्या या खेळात प्रत्येक जण एका काल्पनिक पात्राची भूमिका स्वीकारतो. संगणकीय खेळांनी त्याच्याकडून दोन गोष्टी वारशाने घेतल्या. पहिली म्हणजे सामर्थ्याची सतत वाढ. शत्रूला मारले की अनुभवाचे गुण मिळतात, गुण साठले की पात्र वरच्या पायरीवर जाते, आणि तेथे नवी शस्त्रे व नव्या विद्या प्राप्त होतात. दुसरी म्हणजे नीतीची वर्गवारी. प्रत्येक पात्राच्या नावापुढे आरंभी सुव्यवस्था, तटस्थता व अराजक यांपैकी एक शिक्का असे; पुढे त्यात चांगले आणि वाईट यांची भर पडून नऊ कप्पे झाले.

या दोन वारशांत एक मूलभूत विसंगती आहे. पहिला वारसा सांगतो की सामर्थ्य मिळवणे हेच खेळाचे सार. दुसरा सांगतो की काही मार्गांनी सामर्थ्य मिळवणे अनुचित. दोन्ही जेव्हा समोरासमोर येतात, तेव्हा खेळ कोणाची बाजू घेतो? तराजूच्या एका पारड्यात शील आणि दुसऱ्यात आमिष ठेवल्यावर तराजू खरा आहे की आधीच झुकवलेला आहे? चार खेळांच्या आधारे हा प्रश्न तपासून पाहू.

सद्गुणांची मोजदाद

१९८५ साली प्रसिद्ध झालेला ‘अल्टिमा फोर : क्वेस्ट ऑफ द अवतार’ हा रिचर्ड गॅरियट यांचा खेळ या प्रकारातील एक मैलाचा दगड मानला जातो. त्यात शेवटी ठार मारावयाचा कोणीही खलनायक नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, आध्यात्मिकता आणि विनम्रता असे आठ सद्गुण अंगी बाणवणे हे त्याचे साध्य आहे. खेळाच्या आरंभी एक भविष्यवेत्ती स्त्री दोन-दोन सद्गुणांमध्ये पेच निर्माण करणारे प्रश्न विचारते आणि दिलेल्या उत्तरांवरून पात्राची जडणघडण ठरते.

‘अवतार’ हा शब्द आपल्या वाचकांना खटकेल, आणि तो खटकलाच पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देवाच्या अवताराची कल्पना आणि बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे मत, ही दोन्ही स्पष्ट शब्दांत नाकारली आहेत. परंतु या खेळात शब्दाचा अर्थ उलटा झालेला दिसतो. मूळ कल्पनेत ईश्वर वरून खाली उतरतो. येथे एक सामान्य मनुष्य स्वतःच्या आचरणाने खालून वर चढतो. शब्द पुराणातला असला तरी त्यातील आशय मानवी प्रयत्नाचा आहे, हे समीक्षकाने न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे.

या खेळातील एक लहानसा प्रसंग फार बोलका आहे. जडीबुटी विकणारी एक व्यक्ती अंध आहे. आपण किती नाणी देत आहोत ते खेळणाऱ्याने स्वतःच सांगावयाचे असते. कमी दिले तरी कोणी अडवत नाही, पहारेकरी येत नाहीत आणि माल पूर्ण मिळतो. प्रामाणिकपणाच्या खात्यातील घट मात्र पडद्याआड होते. स्वतःची नैतिक स्थिती जाणून घ्यावयाची असेल तर राजवाड्यातील हॉकविंड नावाच्या द्रष्ट्याला जाऊन विचारावे लागते. त्याचप्रमाणे या खेळात एका दुष्ट जादूगाराची कवटी मिळते. ती वापरली की समोरचे सर्व प्राणी एका क्षणात मरतात. परंतु वापरणाऱ्याच्या सर्वच सद्गुणांची हानी होते. अमर्याद संहारशक्ती हाती असूनही ती न वापरणे हीच येथे खरी कमाई आहे.

एवढे असूनही ही मोजदादच अखेर घातक ठरते. भिकाऱ्याला नाणे दिले की करुणेचे गुण वाढतात, हे लक्षात येताच खेळणारा गुण वाढावेत म्हणून नाणी देऊ लागतो. समोरचा भुकेला माणूस त्याला दिसेनासा होतो. दिसते ते केवळ स्वतःचे खाते. अंगुत्तर निकायात तथागतांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे. कृती कोणत्या हेतूने केली हे बाजूला ठेवून केवळ कृतीची संख्या मोजणारे यंत्र दानाची नोंद करू शकते. दानाचा आत्मा असलेली अलोभाची वृत्ती त्याला मोजता येत नाही.

पुण्याचे व्याज

‘बायोशॉक’ हा २००७ सालचा खेळ काटेकोर अर्थाने भूमिकाप्रधान नाही. त्यात नेमबाजीला अधिक स्थान आहे. तथापि पात्राचे सामर्थ्य वाढवण्याची पद्धत त्याने याच परंपरेतून घेतली असल्याने आणि त्यातील हिशोब अत्यंत स्पष्ट असल्याने त्याचा विचार येथे उपयुक्त ठरतो.

समुद्राच्या तळाशी वसवलेल्या रॅप्चर नावाच्या नगरीत ही कथा घडते. ‘ॲडम’ नावाचे द्रव्य हे तेथील सर्व अद्भुत शक्तींचे मूळ असून ते लहान मुलींच्या शरीरात साठवलेले असते. अशी मुलगी खेळणाऱ्याच्या हाती लागली की त्याच्यापुढे दोन पर्याय येतात. तिचा जीव घेऊन सर्व द्रव्य काढले तर १६० एकके मिळतात. तिला मुक्त केले तर ८० मिळतात. सामर्थ्याची गरज तीव्र असताना निम्म्यावर समाधान मानून एका बालिकेचे प्राण वाचवावेत काय, हा खरोखर गंभीर प्रश्न होता.

परंतु निर्मात्यांनी हा प्रश्न टिकू दिला नाही. प्रत्येक तीन मुली वाचवल्यावर खेळणाऱ्याला कृतज्ञतेची भेट म्हणून २०० एकके मिळतात. आता हिशोब करून पाहावा. तीन मुलींचा जीव घेतल्यास ४८० एकके. तीन मुलींना वाचवल्यास ८० च्या तिप्पट २४०, अधिक २०० ची भेट, म्हणजे ४४०. फरक केवळ ४० एककांचा. शिवाय त्या भेटीसोबत इतरही उपयुक्त वस्तू येतात. म्हणजे ज्याला त्याग समजले जात होते तो त्याग नव्हताच. ती ठेव होती आणि मुदत संपताच ती व्याजासह परत मिळाली.

या ठिकाणी एक आक्षेप संभवतो. सत्कर्माचे फळ चांगलेच मिळते असे दाखवणे गैर कसे? उत्तर असे की, चांगल्या कर्माचा परिणाम चांगला होणे आणि चांगल्या कर्माची मजुरी मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मुलगी वाचली, ती निर्भय झाली, तिचे बालपण तिला परत मिळाले, हा परिणाम होय. वाचवणाऱ्याच्या पिशवीत २०० एकके पडली, ही मजुरी होय. पहिल्या गोष्टीत लक्ष दुसऱ्याच्या दुःखमुक्तीकडे असते, दुसऱ्या गोष्टीत स्वतःच्या लाभाकडे. यज्ञात आहुती द्यावी आणि बदल्यात स्वर्ग मागावा, या व्यवहाराला तथागतांनी धर्म मानले नाही. तोच व्यवहार अत्याधुनिक यंत्रावर मांडला म्हणून त्याचे स्वरूप पालटत नाही.

तिसरा मार्ग आणि परतीची वाट

कॅनडातील बायोवेअर या संस्थेचा ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ हा खेळ नोव्हेंबर २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नैतिक पेचप्रसंगांसाठी तो विशेष नावाजला गेला. त्यातील दोन प्रसंग आपल्या दृष्टीने विचारणीय आहेत.

पहिला प्रसंग रेडक्लिफ या गावचा. तेथील सरदाराच्या कॉनर नावाच्या अल्पवयीन मुलात एका वासनारूपी पिशाचाचा संचार झाला असून गावात मृत्यूचे थैमान सुरू आहे. मुलाला ठार मारावे, हा एक मार्ग. त्याची आई इझोल्ड स्वतःचा बळी देण्यास तयार आहे. तिच्या रक्ताने विधी करून जादूगाराला स्वप्नलोकात पाठवावे आणि पिशाचाशी लढावे, हा दुसरा मार्ग. आणि जादूगारांच्या मठात जाऊन त्यांची मदत आणावी, म्हणजे कोणाचाच बळी द्यावा लागणार नाही, हा तिसरा. कूटदन्त सुत्तात तथागतांनी रक्तविरहित यज्ञाची कथा सांगून बळीची कल्पनाच निकालात काढली. त्याची आठवण हा तिसरा मार्ग पाहताना होते.

पण या तिसऱ्या मार्गाची किंमत काय? मठापर्यंत जाऊन येण्यास दीर्घ प्रवास लागतो. गाव पिशाचाच्या तावडीत आहे. तेवढ्या अवधीत आणखी माणसे मरतील अशी भीती कथा स्वतःच निर्माण करते. प्रत्यक्षात मात्र काहीही घडत नाही. खेळणारा केव्हाही परत आला तरी सर्व जण त्याची वाट पाहत जसेच्या तसे उभे असतात. ज्या मार्गाला धैर्य लागावयास हवे होते तो मार्ग फुकट झाला, आणि त्याचबरोबर पेचही संपला.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. स्वप्नलोकात ते पिशाच खेळणाऱ्याशी सौदा करू पाहते. आपल्याला आता जाऊ द्यावे आणि पुढे या मुलाकडे परत येऊ द्यावे, त्या बदल्यात निषिद्ध रक्तविद्या शिकवू, असा तो प्रस्ताव आहे. एका बालकाचे भवितव्य विकून सामर्थ्य विकत घेण्याचा हा सरळ प्रस्ताव होय. येथे तराजू खरा आहे असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु खेळाच्या रचनेत एक फट राहिली आहे. पात्राला मिळालेली अशी विशेष विद्या एकदा खुली झाली की ती त्या खेळणाऱ्याच्या सर्व पात्रांसाठी कायमची खुली राहते. म्हणून अनेक खेळणाऱ्यांनी एक युक्ती अवलंबिली. सौद्यापूर्वी खेळाची स्थिती साठवून ठेवावयाची, सौदा करून विद्या मिळवावयाची, नंतर साठवलेली जुनी स्थिती पुन्हा उघडून मुलाला वाचवावयाचे. विद्या हाती राहते, पाप मात्र घडलेलेच नसते.

अकुशल कर्माचे फळ भोगावे आणि कर्म मात्र पुसून टाकावे, ही मनुष्याची फार जुनी इच्छा आहे. तीर्थात बुडी मारून पाप धुतले जाते, पुरोहिताला दक्षिणा दिली की दोष नाहीसा होतो, या समजुतींच्या मुळाशी तीच इच्छा आहे. या खेळाने ती अजाणता पूर्ण करून दिली. निर्मात्यांचा तसा उद्देश होता असे म्हणता येणार नाही. तथापि रचना जे शिकवते ते उद्देशापेक्षा अधिक परिणामकारक असते.

ऐरण आणि जातिबाह्य

दुसरा प्रसंग आपल्या वाचकांना अधिक जवळचा वाटेल. याच खेळात ऑर्झामार नावाचे खुज्या लोकांचे भूमिगत नगर आहे. तेथील समाज उमराव, योद्धे, लोहार, कारागीर, खाणकामगार, व्यापारी आणि सेवक अशा जातींत विभागलेला आहे. जात जन्माने ठरते. या सर्वांच्या खाली जातिबाह्य लोक आहेत. जन्मतःच त्यांच्या चेहऱ्यावर खूण गोंदवली जाते. नगराच्या वंशावळींच्या दप्तरात त्यांची नोंद नसते. म्हणजे त्यांना पूर्वज नाहीत असेच मानले जाते. जो पृष्ठभागावर राहावयास जातो तोही जात गमावतो.

या खेळात पात्राची सुरुवात सहा वेगवेगळ्या जन्मस्थितींतून करता येते आणि त्यांपैकी एक जातिबाह्य तरुणाची किंवा तरुणीची आहे. ते पात्र नशेत पडलेल्या एका योद्ध्याचे चिलखत चढवून त्याच्या नावाने प्रतिष्ठेच्या द्वंद्वस्पर्धेत उतरते. रणांगणात ते उच्चजातीय योद्ध्यांना हरवते. मात्र ओळख उघड होताच त्याला गौरवाऐवजी तुरुंग मिळतो. गुण सिद्ध झाला तरी जन्म आडवा येतो, हे या प्रसंगाने एकाही प्रवचनाशिवाय दाखवले आहे. सामर्थ्यवाढीवर उभ्या असलेल्या कलाप्रकाराने सामर्थ्यालाही न्याय मिळत नाही असे सांगावे, हे या खेळाचे मोठे यश मानले पाहिजे.

पुढे खेळणाऱ्याला दोन निर्णय घ्यावे लागतात. पहिला ऐरणीचा. जुन्या काळी कॅरिडिन नावाच्या महान लोहाराने एका ऐरणीवर ‘गोलेम’ म्हणजे दगडधातूचे अजिंक्य योद्धे घडवले. परंतु प्रत्येक गोलेमाच्या देहात एका जिवंत माणसाचा प्राण ओतावा लागे. आरंभी स्वयंसेवक पुढे आले. नंतर राजाचा लोभ वाढला आणि सक्ती सुरू झाली. त्या सक्तीत जातिबाह्य आणि गुन्हेगार आले, मग राजाचे राजकीय विरोधक आले, आणि सरतेशेवटी खुद्द कॅरिडिनही त्या ऐरणीवर गेला. आता गोलेम होऊन राहिलेला कॅरिडिन ऐरण नष्ट करा असे विनवतो. ब्रांका नावाची दुसरी लोहार, जिने या शोधापायी स्वतःच्या घराण्यातील माणसांचाही बळी दिला आहे, ती ऐरण राखा असे सांगते. ऐरण राखली तर अंतिम युद्धात गोलेमांची फौज साहाय्याला येते.

या आमिषाचे वैशिष्ट्य नीट ध्यानात घ्यावे. ते ऐषआरामाचे आमिष नाही. जगावर संकट कोसळले आहे आणि जग वाचवण्यासाठी हे सामर्थ्य वापरता येईल, असा तो युक्तिवाद आहे. संयुत्त निकायातील रज्ज सुत्तात नेमका असाच प्रसंग आहे. न मारता, न मारवता धम्माने राज्य करणे शक्य आहे काय, असा विचार तथागतांच्या मनात आला असता मार पुढे येतो आणि म्हणतो, राज्य करावे. मनात आणले तर हिमालयही सोन्याचा होईल. मार येथे अधर्म करण्यास सांगत नाही. धर्मराज्याच्या नावानेच सत्ता घेण्यास सांगतो. तथागत ते ओळखतात, आणि सोन्याचा पर्वत, अगदी त्याच्या दुप्पट असला तरी, एका माणसाच्या तृष्णेलाही पुरणार नाही असे उत्तर देतात. मार हे मनातील तृष्णेचे रूपक आहे असे आपण जाणतो. सर्वांत फसवी तृष्णा ती, जी परोपकाराचे वस्त्र पांघरून येते. ऐरणीचा प्रसंग या तृष्णेचे यथार्थ चित्रण करतो. सामर्थ्याच्या कारखान्यात प्रथम कोणाचे प्राण लागतात, तर ज्यांची दप्तरात नोंदच नाही त्यांचे, हे सत्यही तो लपवत नाही.

दुर्बलता अशी की, गोलेम नाकारले तरी अंतिम युद्ध जिंकता येते. नकार देणाऱ्याला फार मोठी झळ लागत नाही. त्यामुळे आमिष जितके भव्य भासवले आहे तितका त्याचा त्याग जड जात नाही.

दुसरा निर्णय राजाच्या निवडीचा. हॅरोमॉन्ट हा सभ्य, वचनाला जागणारा, परंपरेचा अभिमानी वृद्ध सरदार. भेलेन हा थोरल्या भावाच्या हत्येच्या कारस्थानाने कलंकित झालेला कावेबाज राजपुत्र. गादीवर बसताच तो हॅरोमॉन्टच्या शिरच्छेदाची आज्ञा देतो. खेळणाऱ्याची सहानुभूती साहजिकच हॅरोमॉन्टकडे वळते. परंतु खेळाच्या अखेरीस कळते की भेलेनच्या राज्यात जातीची बंधने सैल होतात आणि जातिबाह्यांना शस्त्र धरण्याच्या मोबदल्यात काही स्वातंत्र्य मिळते. उलट हॅरोमॉन्ट नगराचे दरवाजे बंद करतो आणि जातिव्यवस्था अधिक घट्ट करतो.

हा पेच या खेळातील सर्वांत प्रगल्भ पेच होय असे माझे मत आहे. येथे चांगल्या-वाईटाचा आकडा पडद्यावर येत नाही. हॅरोमॉन्टची सभ्यता खरी आहे. पण ती व्यवस्थेच्या आतील सभ्यता आहे. ज्यांना व्यवस्थेने माणूस मानलेले नाही त्यांना तिचा उपयोग नाही. ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या १९३६ सालच्या प्रबंधात बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांतील भेद स्पष्ट केला आहे. नियम ठराविक कृती करावयास सांगतो. तत्त्व कृतीचा निवाडा करण्याची कसोटी देते आणि म्हणून माणसाला जबाबदार बनवते. हॅरोमॉन्ट नियमांचा माणूस आहे. भेलेनकडे तत्त्व आहे असे मात्र मानण्याचे कारण नाही. त्याची सुधारणा ही सत्तेची गरज आहे. सैन्यातील चाकरीच्या मोबदल्यात मिळालेली सवलत आणि माणूस म्हणून असलेला हक्क यांतील अंतर या नियतकालिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आणि येथेच या खेळाची मोठी उणीव प्रकट होते. जातिबाह्यांसमोर दोनच वाटा ठेवल्या आहेत. एक, असामान्य पराक्रम करून एकट्याने नगराबाहेर पडावे. दुसरी, कोणत्या तरी राजाने उदार व्हावे. त्यांनी संघटित व्हावे, स्वतःच्या नावाने मागणी करावी, २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याकडे लोक चालत गेले तसे आपल्या पायांनी चालत जावे, हा पर्याय खेळणाऱ्याच्या यादीत नाही. पर्यायांची यादी कोण बनवतो, यावर नैतिक स्वातंत्र्याची मर्यादा ठरते.

स्मरण ठेवणारा खेळ

‘अंडरटेल’ हा टोबी फॉक्स या अमेरिकन निर्मात्याचा २०१५ सालचा खेळ या पार्श्वभूमीवर वेगळा उठून दिसतो. त्याची चित्रे साधी आहेत आणि आकारही लहान आहे. परंतु या परंपरेच्या मुळाशी असलेल्या विसंगतीवर त्याने थेट बोट ठेवले आहे.

त्यात समोर येणाऱ्या प्रत्येक प्राण्याशी लढण्याऐवजी बोलता येते, त्याला समजून घेता येते आणि जीवदान देता येते. जो कोणालाही मारत नाही त्याला अनुभवाचे गुण मिळत नाहीत. तो अखेरपर्यंत पहिल्याच पायरीवर, तितक्याच तुटपुंज्या जीवनशक्तीनिशी राहतो. अहिंसेची येथे खरोखर किंमत मोजावी लागते. आणि शेवटाजवळ एक पात्र त्या गुणांचा अर्थ उलगडून सांगते. ज्यांना आपण अनुभव समजत होतो ते हत्येचे गुण होते, आणि जी पायरी आपण चढत होतो ती हिंसेची पायरी होती. कित्येक खेळांत अभिमानाने वाढवलेल्या आकड्याचे खरे नाव एका क्षणात उघड होते.

परतीची वाटही या खेळाने बंद केली आहे. आरंभी मातेप्रमाणे सांभाळ करणाऱ्या टोरियलला कोणी मारले आणि पश्चात्ताप होऊन जुनी स्थिती उघडून तिला वाचवले, तर फ्लाउई नावाचे पात्र ते ओळखते आणि तसे बोलूनही दाखवते. सर्वांचा संहार करून शेवट गाठलेल्या माणसाला ते जग पुन्हा हवे असेल तर स्वतःचा आत्मा द्यावा लागतो. आणि त्यानंतर त्याने सर्वांना वाचवले तरी शेवट निष्कलंक राहत नाही. रेडक्लिफच्या प्रसंगात जे पुसता आले ते येथे पुसता येत नाही. केलेल्या कर्माचा संस्कार करणाऱ्यावर राहतो, हा विचार खेळाच्या रचनेतच उतरवला आहे.

हाही खेळ सर्वस्वी निर्दोष नाही. कोणालाही न मारणाऱ्यालाच कथेचा सर्वांत परिपूर्ण शेवट पाहावयास मिळतो. म्हणजे शस्त्रांच्या रूपाने नसले तरी कथेच्या रूपाने बक्षीस आहेच. तथापि ते बक्षीस सामर्थ्याचे नसून संबंधांचे आहे. ज्यांना वाचवले ते जिवंत आहेत आणि भेटतात, हेच त्याचे स्वरूप. वर परिणाम आणि मजुरी यांत जो भेद केला, त्या दृष्टीने हे बक्षीस परिणामाच्या अधिक जवळ जाते.

निष्कर्ष

या विवेचनावर एक शेवटचा आक्षेप घेतला जाईल. पडद्यावर कोणीही खरोखर मरत नाही. मग एवढी चिकित्सा कशासाठी? आक्षेपातील सत्य मान्य केले पाहिजे. सजीव प्राणी नाही हे ठाऊक असताना बाहुली मोडणे म्हणजे प्राणातिपात नव्हे. हे खेळ खेळणारी मुले हिंसक होतात असे विधान या लेखात कोठेही केलेले नाही, आणि तसे घाईने करूही नये. प्रश्न सवयीचा आहे. निर्णयापूर्वी ‘यातून कोणाचे दुःख वाढेल’ असे विचारण्याची सवय लागते की ‘यातून मला काय मिळेल’ असे विचारण्याची, एवढाच मुद्दा आहे.

यास्तव अशा खेळाची पारख करण्यासाठी चार प्रश्न सुचवावेसे वाटतात. एक, चांगल्या कृतीची किंमत खरोखर मोजावी लागते, की ती मागील दाराने व्याजासह परत मिळते? दोन, केलेली कृती टिकते, की सोयीनुसार पुसता येते? तीन, हा खेळ कृतीची संख्या मोजतो, की दुसऱ्याच्या जीवनात काय घडले ते दाखवतो? चार, जे तळाशी आहेत ते केवळ दयेचे विषय आहेत, की त्यांनाही स्वतःचा निर्णय आहे?

या चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. गुण मोजणारा, बक्षीस वाटणारा आणि शिक्षा करणारा निर्माता हा या काल्पनिक जगांचा ईश्वर असतो. त्याची मर्जी राखण्यासाठी केलेले सत्कर्म हे ईश्वराला खूष करण्यासाठी केलेल्या कर्मकांडासारखेच आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी नीतीला ईश्वराच्या मान्यतेची गरज नाही असे प्रतिपादन केले. माणसाने माणसावर प्रेम करण्याची जी निकड आहे, तीतूनच नीती उगम पावते. म्हणून ‘अल्टिमा’तील त्या अंध विक्रेत्या व्यक्तीला पूर्ण मोल देणारा खेळाडू दोन प्रकारचा असू शकतो. एकाला आपल्या खात्याची चिंता असते. दुसऱ्याला एवढेच दिसते की समोरची व्यक्ती आंधळी आहे आणि तिने आपल्यावर विश्वास टाकला आहे. यंत्राला दोघांतील भेद कळत नाही. आपल्या मुलांना मात्र तो कळला पाहिजे. आणि त्यासाठी पालकांनी व शिक्षकांनी खेळ हिसकावून घेण्यापेक्षा त्यांच्या शेजारी बसून, ‘हा निर्णय तू का घेतलास?’ असे विचारणे अधिक हितावह ठरेल.